घरांतील यंत्रविद्या : ‘मॉड्यूल सांपडत नाहीं’

जी वस्तु आपण स्वतः आणली, स्वतःच्या हातांनीं फळीवर ठेविली, ती मागतांच ‘घरांत नाहीं’ असें उत्तर मिळालें, तर शांत मनुष्याचाहि तोल जातो. संगणकावर पायथन भाषेंत प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना हा अनुभव नेहमींचा आहे. पॅकेज नुकतेंच घातलेलें असतें, तें यथास्थित बसल्याचा निरोपहि मिळालेला असतो. आणि पुढच्याच क्षणीं प्रोग्रॅम सांगतो कीं, या नांवाचें मॉड्यूल सांपडत नाहीं. मग मनुष्य तेंच पॅकेज पुन्हां घालतो, तिसऱ्यांदां घालतो, आणि अखेर संगणकाला दोष देऊन उठतो. या ‘नाहीं’चा खरा अर्थ काय, तें आज सांगावयाचें आम्हीं योजिलें आहे. कारण तें उत्तर खोटें नसतें; आपण तें पुरतें ऐकून घेत नाहीं, इतकेंच.

या विषयास निमित्त एका वाचक भगिनींच्या पत्राचें झालें. तीन पिढ्यांचें त्यांचें एकत्र कुटुंब आहे व घरांत सर्वांना मिळून एकच संगणक आहे. त्यावर डेबियन लिनक्सची बारावी आवृत्ति आहे. सासरे त्यावर घरचा जमाखर्च व कुळाची वंशावळ ठेवितात. या भगिनी जालावरून पर्जन्यमानाचे आंकडे आणून आपल्या प्रबंधासाठीं त्यांचीं कोष्टकें करितात. आणि जाऊबाईंचे चिरंजीव अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षांत असून पायथन शिकत आहेत. त्या लिहितात : ‘‘सहा महिने बिनबोभाट चाललेला माझा प्रोग्रॅम एके दिवशीं एकाएकीं बंद पडला. आधीं पडद्यावर वर्षभराच्या एकादशींची यादी उमटली, जी मीं कधींच मागितली नव्हती. आणि तिच्याखालीं, ‘कॅलेंडर’ या मॉड्यूलांतून ‘टाइमजीएम’ हें नांव आणतां येत नाहीं, अशी तक्रार आली. पुतण्यानें मला मदत म्हणून ‘सुडो’च्या अधिकारानें पॅकेज तीनदां पुन्हां घालून पाहिलें. तिन्ही वेळां संगणकानें नकार दिला. आतां त्याला कोणीं तरी एक जादूचा शब्द सांगितला आहे; तो जोडला म्हणजे नकार येत नाहीं म्हणे. त्या शब्दांचा अर्थ मात्र ‘व्यवस्थेचीं पॅकेजेस मोडा’ असा दिसतो. मामंजींचे सगळे हिशेब याच संगणकांत आहेत. त्याला हें करूं द्यावें काय?’’

एका शब्दांत उत्तर द्यावयाचें तर : नको. परंतु नुसत्या ‘नको’नें ना भगिनींचा प्रोग्रॅम चालूं लागेल, ना पुतण्याचें समाधान होईल. म्हणून पायथन एखादें मॉड्यूल कसें शोधतो, हें मुळापासून पाहूं. लिनक्सवरील आज्ञा आम्हीं खालीं उच्चाराप्रमाणें देवनागरींत दिल्या आहेत. संगणकावर त्या अर्थातच रोमन अक्षरांत लिहावयाच्या.

यादी आणि तिचा क्रम

पायथन ही भाषा हॉलंडांतील अॅम्स्टरडॅम येथें गीडो व्हान रॉसम यांनीं १९८९ च्या डिसेंबरांत लिहावयास घेतली व १९९१ च्या फेब्रुवारींत प्रथम प्रसिद्ध केली. लिनक्सचा जन्महि १९९१ चाच. या दोघांचा संबंध पुढें इतका दृढ झाला कीं, आज बहुतेक लिनक्स संगणकांवर पायथन आधींच बसविलेला असतो आणि संगणकाचीं स्वतःचीं कित्येक कामें त्याच्याच भरंवशावर चालतात. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. तिचा उपयोग पुढें आहे.

प्रोग्रॅममध्यें ‘इंपोर्ट’ म्हणून एखादें नांव लिहिलें, म्हणजे पायथन सर्व संगणक धुंडाळीत नाहीं. त्याच्यापाशीं जागांची एक यादी असते, तिला ‘सिस.पाथ’ म्हणतात. नव्या गड्याच्या हातीं ‘प्रथम ओसरी पहा, मग माजघर, मग कोठीची खोली’ अशी चिठ्ठी दिल्यावर तो जसा चिठ्ठीबाहेर पाऊल टाकणार नाहीं, तसेंच हें. त्यांत दोन नियम आहेत. पहिला असा कीं, यादींतील जागा क्रमानेंच पाहावयाच्या व मागितलेल्या नांवाची जी वस्तु प्रथम सांपडेल ती उचलावयाची. ती योग्य आहे किंवा नाहीं हें पाहणें त्याचें काम नव्हे. दुसरा असा कीं, यादी संपली म्हणजे शोध संपला. मग ती वस्तु शेजारच्याच फोल्डरांत कां असेना, उत्तर ‘नाहीं’ असेंच येणार. तेव्हां ‘मॉड्यूल सांपडत नाहीं’ याचा अर्थ ‘मॉड्यूल संगणकावर नाहीं’ असा नसून ‘माझ्या यादींतील जागीं नाहीं’ एवढाच आहे. हा भेद ज्याला उमगला त्याचें निम्में काम झालें.

आतां यादींत काय असतें तें पाहूं. आपला प्रोग्रॅम ज्या फाइलींत आहे, ती फाइल ज्या फोल्डरांत आहे तो फोल्डर सर्वांत पहिला. टर्मिनलमध्यें आपण कोणत्या फोल्डरांत उभे आहों, याला येथें महत्त्व नाहीं. फाइल कोठें आहे, याला आहे. मात्र फाइल न देतां पायथनशीं थेट संवाद सुरू केला, किंवा ‘-एम’ लावून एखादें मॉड्यूल चालविलें, तर आपण उभे असलेला फोल्डरच पहिल्या जागीं येतो. तोच इंपोर्ट एका रीतीनें चालतो आणि दुसऱ्या रीतीनें अडतो, त्याचें कारण बहुधा येथेंच असतें.

त्यानंतर ‘पायथनपाथ’ या नांवाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलांत कोणीं कांहीं जागा लिहून ठेविल्या असल्या तर त्या. एका जागेनंतर अपूर्णविराम देऊन दुसरी लिहिलेली असते. त्यांच्यामागून पायथनची स्वतःची ग्रंथशाळा येते. डेबियनच्या बाराव्या आवृत्तींत ती ‘/यूएसआर/लिब/पायथन३.११’ येथें असते. तिच्या आधीं यादींत ‘पायथन३११.झिप’ असें एक नांव दिसतें. तशी फाइल सहसा अस्तित्वांत नसते व तिच्या नसण्यानें कांहीं बिघडत नाहीं. नवशिके त्या नांवापाशीं उगाच अडून बसतात.

ग्रंथशाळेनंतर बाहेरून आणलेल्या पॅकेजेसची पाळी. त्यांत पहिला मान वापरणाऱ्याच्या खासगी जागेचा; ती त्याच्या घरच्या फोल्डरांत ‘.लोकल/लिब/पायथन३.११/साइट-पॅकेजेस’ अशी असते. मग ‘/यूएसआर/लोकल/लिब/पायथन३.११/डिस्ट-पॅकेजेस’, आणि सर्वांत शेवटीं ‘/यूएसआर/लिब/पायथन३/डिस्ट-पॅकेजेस’. ही शेवटची जागा व्यवस्थेची. ‘ॲप्ट’नें आणलेलीं पायथन पॅकेजेस येथें उतरतात. इतर लिनक्सवर ‘साइट-पॅकेजेस’ असें नांव असतां डेबियन व त्याचे वंशज ‘डिस्ट-पॅकेजेस’ कां म्हणतात, असें पुष्कळ जण विचारतात. एखाद्यानें पायथनचा मूळ मजकूर आणून स्वतः बांधला, तर तो ‘/यूएसआर/लोकल’मध्यें बसतो व ‘साइट-पॅकेजेस’ वापरतो. त्याचा आणि व्यवस्थेच्या पायथनचा सांठा एकमेकांत मिसळूं नये, म्हणून हा नांवाचा फरक मुद्दाम केलेला आहे.

‘सिस’, ‘टाइम’ अशीं थोडीं मॉड्यूल्स पायथनच्या अंगांतच मुरविलेलीं असतात. तीं यादी पाहण्यापूर्वींच मिळतात. बाकी सर्व कारभार यादीचा.

पत्रांतील कोडें

एवढें समजल्यावर आमच्या भगिनींचें कोडें सोडविणें अवघड नाहीं. एकादशींची यादी हाच त्यांतला धागा. पुतण्यानें हौसेनें एकादशी मोजणारा प्रोग्रॅम लिहिला, त्याला ‘कॅलेंडर.पीवाय’ असें साहजिक नांव दिलें, आणि ज्या सामाईक फोल्डरांत काकूंचा प्रोग्रॅम आहे त्याच फोल्डरांत तो ठेविला. काकूंच्या प्रोग्रॅमनें ‘कॅलेंडर’ कधींच मागितलें नव्हतें, हें खरें. परंतु जालावरून माहिती आणणारें ‘रिक्वेस्ट्स’ हें पॅकेज पायथनच्या ग्रंथशाळेंतील ‘कुकीजार’ या मॉड्यूलचें साह्य घेतें, आणि ‘कुकीजार’ला ‘कॅलेंडर’मधील ‘टाइमजीएम’ हें फंक्शन लागतें. पायथन शोधास निघाला. यादींतील पहिली जागा सामाईक फोल्डर. तेथें ‘कॅलेंडर’ नांवाची फाइल मिळाली. त्यानें ती उचलली. उचलतांना ती वाचली गेली, म्हणून एकादशी पडद्यावर उमटल्या. मग तींत ‘टाइमजीएम’ शोधलें. तें पंचांगांत कोठून असणार? म्हणून तक्रार. खरें ‘कॅलेंडर’ ग्रंथशाळेंत आपल्या जागीं सुखरूप बसलेलें होतें. त्याच्यापर्यंत शोध पोंचलाच नाहीं.

पॅकेज तीनदां घालून उपयोग कां झाला नसता, हें आतां उघड होईल. पॅकेज हरवलेंच नव्हतें. उपाय एवढाच कीं, त्या फाइलीचें नांव ‘एकादशी.पीवाय’ असें करावें. जुन्या पायथन २ मध्यें मूळ फाइल हलविली तरी तिची ‘.पीवायसी’ ही संस्कारित प्रत शेजारीं राहून घोटाळा चालूं ठेवीत असे. पायथन ३ मध्यें ती भीति नाहीं.

वाचकांनीं आणखी एक गोष्ट पाहावी. अशा तक्रारीच्या शेवटीं कंसांत त्या ‘कॅलेंडर’ फाइलीचा पूर्ण मार्ग छापलेला असतो. त्यांत ‘/यूएसआर/लिब’ ऐवजीं ‘/होम’ दिसलें, कीं तेथेंच निदान झालें. २०२४ च्या ऑक्टोबरांत आलेल्या ३.१३ या आवृत्तीपासून तर पायथन याहून पुढें जाऊन, या फाइलीचें नांव ग्रंथशाळेंतील मॉड्यूलसारखेंच आहे, तें बदलण्याचा विचार करावा, असें स्वतःच सुचवितो. परंतु तक्रार कितीहि स्पष्ट असली तरी शेवटची ओळ न वाचणाऱ्यास तिचा काय उपयोग?

येथें प्रोग्रॅम बंद पडला, हें आम्ही सुदैव समजतों. समजा, एखाद्यानें वर्षापूर्वीं आपल्या खासगी जागेंत ‘पांडास’ या पॅकेजची जुनी प्रत घातली, व मागाहून ‘ॲप्ट’नें नवी आणली. यादींत खासगी जागा आधीं. म्हणून जुनीच प्रत चालत राहील. कोणतीहि तक्रार येणार नाहीं. आपण नवीच वापरीत आहों अशा समजुतीनें कोष्टकें मात्र जुन्या प्रतीनें तयार होतील. ज्यांच्या प्रबंधाचा किंवा हिशेबाचा आधार त्या आंकड्यांवर आहे, त्यांनीं ‘मॉड्यूल सांपडलें काय?’ एवढेंच न विचारतां ‘कोणतें सांपडलें?’ हेंहि विचारलें पाहिजे.

चार प्रश्न

म्हणून मॉड्यूलविषयीं कोणतीहि अडचण आली असतां, कांहीं एक नवें घालण्यापूर्वीं, पुढील चार प्रश्न याच क्रमानें विचारावे.

पहिला : हा पायथन कोणता? एकाच संगणकावर दोन-तीन पायथन नांदत असणें ही नवलाची गोष्ट नाहीं; व्यवस्थेचा एक, कोणीं स्वतः बांधलेला दुसरा, ‘ॲनाकोंडा’सारख्या संचानें आणलेला तिसरा. प्रत्येकाची यादी निराळी. ‘टाइप -ए पायथन३’ असें विचारलें म्हणजे टर्मिनलला दिसणारे सर्व क्रमवार कळतात. आणि प्रोग्रॅममध्येंच ‘सिस.एक्झिक्युटेबल’ छापलें म्हणजे प्रत्यक्ष काम कोण करीत आहे तें कळतें.

दुसरा : पॅकेज घालणारा ‘पिप’ कोणाचा? एका पायथनच्या पिपनें घातलेलें पॅकेज दुसऱ्यास सहसा दिसत नाहीं. ‘पिप -व्ही’ असें विचारलें असतां तो आपलें ठिकाण व आपल्या पायथनची आवृत्ति सांगतो. नुसतें ‘पिप’ न म्हणतां नेहमीं ‘पायथन३ -एम पिप’ असें म्हणण्याची संवय लावून घ्यावी. मग ज्याच्यासाठीं घालावयाचें त्याच्याच घरीं पॅकेज जातें.

तिसरा : यादींत काय आहे? ‘पायथन३ -एम साइट’ या आज्ञेनें सर्व यादी ओळीनें दिसते. खासगी जागा चालू आहे किंवा नाहीं हेंहि तींतच कळतें. मात्र वर सांगितल्याप्रमाणें ‘-एम’मुळें पहिली ओळ आपण उभे असलेल्या फोल्डरची येते. यासाठीं अडलेल्या प्रोग्रॅमच्याच आरंभीं ‘सिस.पाथ’ छापून पाहणें अधिक विश्वासाचें.

चौथा : सांपडलेली प्रत कोणती? मॉड्यूलच्या नांवापुढें ‘फाइल’ हा शब्द दोन्ही बाजूंस दोन-दोन अधोरेषा देऊन छापला, कीं ती कोठून आली त्याचा मार्ग मिळतो. याच्या जोडीला ‘-आय’ ही खूण उपयोगाची आहे. ती लावली असतां पायथन प्रोग्रॅमचा फोल्डर, ‘पायथनपाथ’ आणि खासगी जागा, तिन्ही वगळतो. ‘-आय’ लावून निराळा मार्ग आला व न लावतां निराळा, तर घोटाळा या तिहींपैकीं एका जागीं आहे हें सिद्ध झालें.

याशिवाय नांवाचा एक सापळा आहे. पॅकेजचें नांव व इंपोर्टचें नांव एकच असतें असें नाहीं. ‘पिलो’ घातलें तरी मागावयाचें ‘पीआयएल’. ‘ओपनसीव्ही-पायथन’ घातलें तरी मागावयाचें ‘सीव्ही२’. ‘पायवायएएमएल’चें ‘यामल’ आणि ‘सायकिट-लर्न’चें ‘एसकेलर्न’. येथें यादी निर्दोष असते. हांकच चुकीच्या नांवानें मारलेली असते.

माणूस टर्मिनलसमोर बसलेला असतांना जें चालतें, तें पहाटे आपोआप चालावयास लावलें म्हणजे कां अडतें, असाहि प्रश्न नेहमीं येतो. ‘क्रॉन’ हा ठराविक वेळीं कामें उठविणारा चाकर आपली ‘.बॅशआरसी’ फाइल वाचीत नाहीं. तींत लिहिलेला ‘पायथनपाथ’ त्याच्या गांवींहि नसतो. ‘सुडो’चीहि तीच कथा. सुडोनें आपण क्षणभर निराळे गृहस्थ होतों. आपलें बहुतेक एन्व्हायर्नमेंट मागें राहतें आणि खासगी जागाहि रूटच्या घरची लागू होते. तेव्हां ‘माझें पॅकेज सुडोला दिसत नाहीं’ या तक्रारीवर सुडोनेंच तें घालणें हा उपाय नव्हे. त्या प्रोग्रॅमला मुळांत सुडो लागतो कशाला, हा प्रश्न आधीं विचारावा.

तो नकार हितासाठीं आहे

आतां पुतण्याच्या जादूच्या शब्दाकडे वळूं. लिनक्सचीं स्वतःचीं कामें पायथनवर अवलंबून असतात, असें आम्हीं आरंभीं म्हटलें. उबुंटूवर नवा पॅकेज-भांडार जोडणारी ‘ॲड-ॲप्ट-रिपॉझिटरी’ ही आज्ञा पायथनमध्येंच लिहिलेली आहे, आणि तिला लागणारें ‘ॲप्ट-पीकेजी’ हें मॉड्यूल व्यवस्थेच्या ठराविक पायथनसाठींच बांधलेलें असतें. कित्येक उत्साही मंडळींनीं ‘/यूएसआर/बिन/पायथन३’ हें नांव नव्या आवृत्तीकडे वळविलें, आणि त्यांची ती आज्ञा ‘ॲप्ट-पीकेजी सांपडत नाहीं’ म्हणून बसली. कांहींच्या बाबतींत तर टर्मिनलच उघडेना. कारण उबुंटूवर टर्मिनल उघडणारी फाइलहि पायथनचीच होती. दुरुस्तीचीं हत्यारें ज्या खोलींत, तिच्याच दाराची किल्ली आंत राहिल्यासारखें झालें.

सुडोनें पिप चालविणें हा याच अनर्थाचा धाकटा भाऊ. तीं पॅकेजेस ‘/यूएसआर/लोकल’मध्यें उतरतात. तें ठिकाण यादींत व्यवस्थेच्या सांठ्याच्या आधीं आहे; म्हणून तेथें आलेली नवी प्रत व्यवस्थेच्या जुन्या, पारखून घेतलेल्या प्रतीला झांकून टाकते. एकानें आपल्या एका प्रयोगासाठीं घातलेलें पॅकेज अशा रीतीनें घरांतील सर्वांच्या प्रोग्रॅम्सना, इतकेंच नव्हे तर संगणकाच्या स्वतःच्या कामांनाहि लागू होतें.

हें टाळण्याकरितां पायथनच्या मंडळींनीं पेप ६६८ या क्रमांकाचा ठराव केला, आणि २०२३ च्या जूनांत निघालेल्या डेबियनच्या बाराव्या आवृत्तीनें तो अमलांत आणला. पायथनच्या ग्रंथशाळेच्या फोल्डरांत ‘एक्स्टर्नली-मॅनेज्ड’ या नांवाची एक फाइल ठेविलेली असते. ती दिसतांच पिप थांबतो व सांगतो कीं, या सांठ्याची व्यवस्था दुसऱ्याकडे, म्हणजे ॲप्टकडे आहे. ‘ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस’ ही खूण हा नकार डावलण्यासाठीं आहे, आणि तिला असें भयंकर नांव मुद्दामच दिलें आहे. सही करण्यापूर्वीं कागद वाचावा, तसें हें नांव वाचावें. मामंजींचे हिशेब एवढ्यानें पुसले जातील असें नव्हे. पण ते ज्या संगणकावर उघडावयाचे तोच धड चालेनासा झाला, तर ऐन विवरणपत्राच्या दिवसांत कोणाची तारांबळ उडेल, हें सांगावयास नको.

प्रत्येकाची स्वतंत्र पेटी

मग पॅकेज घालावयाचें तरी कोठें? जें सर्वांच्या नित्य उपयोगाचें आहे व डेबियनच्या भांडारांत आहे, तें ॲप्टनेंच आणावें, उदाहरणार्थ ‘पायथन३-रिक्वेस्ट्स’. आणि जें एका प्रकल्पापुरतें आहे, त्यासाठीं ‘व्हेन्व’ नांवाची स्वतंत्र पेटी करावी. ही सोय २०१२ पासून, म्हणजे पायथन ३.३ पासून आहे. डेबियनवर ‘पायथन३-व्हेन्व’ हें पॅकेज एकदां ॲप्टनें आणावें लागतें. नंतर ‘पायथन३ -एम व्हेन्व’ म्हणून पुढें पेटीचें नांव लिहिलें कीं झालें. त्या पेटींत स्वतंत्र पायथन, स्वतंत्र पिप व स्वतंत्र साइट-पॅकेजेस असतात. तींतील पायथनला ग्रंथशाळा सामाईकच मिळते, परंतु व्यवस्थेचीं व खासगी पॅकेजेस त्याच्या यादींत येत नाहींत. पेटींतील पिपला नकारहि मिळत नाहीं, सुडोहि लागत नाहीं. आणि प्रयोग फसला तर ती पेटी पुसून टाकून दुसरी करावी, घरांतील दुसऱ्या कोणाच्या केसालाहि धक्का लागत नाहीं.

या पेटीविषयीं तीन सूचना. तिला ‘ॲक्टिव्हेट’ करणें म्हणजे तिचा पायथन टर्मिनलच्या शोधांत सर्वांच्या पुढें आणणें, एवढेंच. पूर्ण मार्ग लिहून तिचा पायथन थेट बोलाविला तरी तेंच काम होतें, आणि क्रॉनसाठीं तोच मार्ग उत्तम. दुसरें, पेटी एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागीं नेऊं नये. तिच्यांतील फाइलींत जुना पत्ता लिहिलेला असतो. ‘पिप फ्रीझ’नें पॅकेजेसची यादी उतरून घ्यावी व नव्या जागीं नवी पेटी करावी. तिसरें, ‘पायथनपाथ’ पेटीलाहि जुमानीत नाहीं. तो तिच्या यादींतहि घुसतो. कोणीं कधीं काळीं ‘.बॅशआरसी’मध्यें लिहून ठेवलेली ती एक ओळ वर्षानुवर्षें सर्व पायथनांच्या यादींत डोकावत राहते. ती असल्यास काढून टाकावी. प्रोग्रॅमच्या आरंभीं ‘सिस.पाथ’मध्यें हातानें जागा जोडणें हाहि असाच तात्पुरता उपाय. लिहिणारा तो विसरतो, आणि दुसऱ्याच्या संगणकावर तो मार्ग नसतो.

डेबियनची बारावी आवृत्ति बदलून तेरावी घेऊं इच्छिणाऱ्यांस एक पूर्वसूचना द्यावीशी वाटते. २०२५ च्या ऑगस्टांत निघालेल्या तेराव्या आवृत्तींत पायथन ३.१३ आहे. त्याची यादी ‘पायथन३.१३’ अशा नांवाच्या फोल्डरांकडे पाहते, ‘पायथन३.११’मधील खासगी पॅकेजेस तेथल्या तेथेंच राहतात, पण यादीबाहेर पडतात. जुन्या पेट्यांचीहि तीच गत. घर बदलण्यापूर्वीं सामानाची याद करतात, तशी प्रत्येक पेटीची पॅकेज-यादी आवृत्ति बदलण्यापूर्वींच लिहून ठेवावी.

शेवटीं एक सावधगिरी. यादींतील पहिली जागा प्रोग्रॅमच्या फोल्डरची असल्यामुळें, जालावरून उतरविलेल्या फाइलींचा जेथें ढीग असतो त्या ‘डाउनलोड्स’ फोल्डरांतून कोणताहि प्रोग्रॅम चालवूं नये. तेथें पडलेली एखादी परकी फाइल ग्रंथशाळेंतील मॉड्यूलचें नांव धारण करून पुढें आली, तर पायथन तीच उचलील व आपल्याच अधिकारानें चालवील. पुतण्याची एकादशी निरुपद्रवी होती. सर्वच फाइली तशा नसतात. २०२२ मधील ३.११ या आवृत्तीपासून ‘-पी’ (मोठ्या लिपींतील) ही खूण मिळाली आहे. ती लावली म्हणजे ती पहिली जागा यादींत येत नाहीं.

आमच्या भगिनींस आमचा सल्ला असा : पुतण्याच्या फाइलीचें नांव बदलावें, सामाईक फोल्डर मोडून प्रत्येकाच्या कामास निराळा फोल्डर द्यावा, काकूंची एक व पुतण्याची एक अशा दोन पेट्या कराव्या, आणि सुडोचा परवलीचा शब्द घरांत एकाच जबाबदार माणसापाशीं असूं द्यावा. पुतण्यास मात्र रागावूं नये. त्यानें एकादशी मोजल्या हें कौतुकाचेंच आहे. त्याला इतकेंच सांगावें कीं, ‘नाहीं’ हें उत्तर ऐकतांच नवी वस्तु आणावयास धांवण्यापूर्वीं, ‘तूं कोठें कोठें पाहिलेंस?’ असें पायथनला एकदां विचारावें. तो यादी लपवीत नाहीं. विचारणाऱ्यास ती ओळीनें वाचून दाखवितो.